ठोकलेले स्क्रू

भिंतीला भोक पाडायला मला आवडतं. ड्रिल मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, पाय फाकवून उभं राहायचं, अंगाचा सगळा जोर लावायचा आणि खटका दाबायचा. आधी प्लास्टर भुरभुरतं, मग वीट लागते, बोटांपासून दातांपर्यंत सगळं थरथरतं आणि विटेचा लाल भुगा अंगावर सांडायला लागतो. काही बायकांचा शीण देवळात गेलं की जातो म्हणे. माझा भोक पाडलं की जातो.

आमच्या गारखेड्यातल्या घरात एकही नळ ठिबकत नाही, एकही बटण ठिणगी टाकत नाही, एकाही दाराची बिजागरी कुरकुरत नाही. हे सगळं माझ्या हातचं. गल्लीतल्या बायका मोटर बंद पडली की मला हाक मारतात आणि विचारतात, "तुम्ही हे शिकलात कुठं?" मी सांगते, "नवऱ्यामुळं शिकले." त्यांना वाटतं, नवरा बिचारा हौसेनं शिकवत असेल. बिचारा तोडायचा आणि मी जोडायचे, एवढंच आमचं शिक्षण.

बोलताना मी त्याला 'अहो' म्हणायचे. लिहिताना म्हणणार नाही, तेवढी मुभा मी घेते. गुलमंडीत त्याचं कापडाचं दुकान. दुकानात त्याच्याइतका मऊ माणूस शोधून सापडणार नाही. गिऱ्हाईक बाई गादीसमोर बसली की हा एकेक ठाण उलगडत जाणार, "ताई, हा रंग बघा, तुमच्यावर काय खुलेल," म्हणणार. ती बाई चहा पिऊन, नुसता ढीग करून, काही न घेता उठली तरी हसून हात जोडणार आणि तो ढीग पुन्हा घडी घालत बसणार. दिवसभर हसून गिळलेलं ते सगळं घरी आल्यावर बाहेर पडायचं. कारण काहीही चालायचं. टॉवेल ओला आहे, फोन उचलला नाही, पंखा कुणी चालू ठेवला.

पहिली मोडलेली वस्तू म्हणजे मिक्सर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चटणीचं भांडं माझ्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आपटलं. पाठोपाठ मशीन आलं, ते मात्र माझ्या तोंडाला लागून खाली पडलं. शेंगदाण्याची चटणी छताला जाऊन चिकटली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्यावर मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, भाजीच्या सुरीनं मिक्सरचे स्क्रू काढले, वाटीत ठेवले आणि आत बघितलं. एक वायर सुटली होती, बाकी काही नाही. ती जागेवर घालून आवळली, झाकण लावलं, बटण दाबलं. मिक्सर घरघरला आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. ओठ फुटलेला होता, हसताना चांगलंच दुखलं.

मग मला नादच लागला. पिठाच्या जुन्या डब्यात पेचकस, पक्कड, पाईपचा पान्हा, नळाचे वायसर, पांढरी टेप असं साठत गेलं. त्यानं बोर्ड फोडला की मी मेन बंद करून नवा बसवायचे. त्यानं खुर्ची आपटली की पायाला लोखंडी पट्टी मारायचे. एकदा माझं डोकं धरून त्यानं लोखंडी कपाटावर आपटलं, तर कपाटाच्या दाराला पोचा पडला. माझ्या डोक्याला टेंगूळ बरेच दिवस होतं. कपाट मी दुसऱ्याच दिवशी सरळ केलं. आतून फडक्याची घडी लावून मुसळाच्या टोकानं हळूहळू ठोकलं, तर बाहेरून बोट फिरवलं तरी कळेना. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला डोक्याचं दुखणंही आठवलं नाही, इतकी मी त्या कपाटावर खूश होते.

आणि घाई असायची. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत. त्या आमच्याजवळच राहायच्या, किंवा आम्ही त्यांच्याजवळ, कारण घर सासऱ्यांनी जाताना त्यांच्या नावावर करून ठेवलेलं. त्यांचा एकच कडक नेम होता. दिवेलागणीच्या वेळी घरात मोडकंतोडकं काही दिसता कामा नये. फुटका आरसा, तडकलेला कप, लंगडी खुर्ची, काहीच नाही. लक्ष्मी उंबऱ्यावरून माघारी जाते म्हणायच्या. लेक सकाळी तोडून गेला की त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "पडलंय ते. दिवे लावायच्या आत बघ त्याचं काय ते." कुणी पाडलं, कसं पडलं, याबद्दल एक अक्षर नाही. मला त्यांचा राग यायचा, असा की हातातला पान्हा त्यांच्या देव्हाऱ्यावर भिरकावून द्यावा. पण मी निमूट बसून जोडायचे, आणि जोडता जोडता तो रागही कुठंतरी आवळला जायचा.

या नेमाची खरी किंमत मला माझ्या भावानं दाखवली. त्या खेपेला नवऱ्यानं माझा दंड पिरगाळला होता आणि हॉलमधल्या शोकेसच्या काचा फोडल्या होत्या. मी पहिल्यांदाच माहेरी फोन करून सगळं बोलले. भाऊ माझ्याहून धाकटा, कन्नड तालुक्यात शेती करतो. ऊसतोड चालू होती, म्हणून त्याला लगेच निघता आलं नाही. तो जीपनं आला तोवर दंडावरचं काळंनिळं पिवळं पडून विरत आलं होतं आणि शोकेसला मी नव्या काचा बसवल्या होत्या, कडेनं पुट्टी भरून, पुसून, लखलखीत.

नवऱ्यानं दुकान सोडून त्याचं स्वागत केलं. स्वतःच्या हातानं ताट वाढलं, शर्टाचं कापड बांधून दिलं. तो परत दुकानावर गेल्यावर भाऊ घरभर फिरला. बोर्ड बघितले, कपाट बघितलं, भिंतीवरून हात फिरवला.

"आक्का, समदं तर बेस हाय," तो म्हणाला. "दाजी बी किती मायेनं बोलले. मोडतोड केली म्हणतीस, ती कुठंय?"

"ही काच फोडली होती," मी म्हणाले. "हे कपाट. हा बोर्ड. ही खुर्ची उचलून बघ, खालून पट्टी हाय."

त्यानं खुर्ची उलटी केली, पट्टी बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मनाचं सांगतेय. "लई सफाईनं केलंय पण," तो म्हणाला. "कुण्या मिस्त्रीनं केलं?"

"मीच केलं," मी म्हणाले, आणि तेवढ्यातही मला बरं वाटलं. लाज वाटावी असं बरं वाटलं. त्याला दाखवायला माझ्याकडं एक तडकलेला कपसुद्धा नव्हता. संसारात असं व्हायचंच, जरा दमानं घे, असं सांगून भाऊ संध्याकाळी जीपनं परत गेला. त्या दिवशी मी नवऱ्यापेक्षा त्याच्यावर जास्त चिडले आणि त्याच्यापेक्षा त्या चकचकीत शोकेसवर.

तरीही मी सोसलं असतं. बायका सोसतात तसं, फार काही थोर कारण नसताना. पण मग त्यानं पोरीवर हात टाकला.

आमच्या शहरात नळाला पाणी कधीतरीच येतं, आणि येतं तेव्हा घरातलं एक माणूस मोटरीजवळ हजर लागतं. मी बँकेत गेले होते, सासूबाई झोपल्या होत्या. पोरगी दहावीला, दारं लावून गणितं सोडवत बसलेली. पाणी आलं आणि गेलं, तिला कळलंच नाही. तो दुपारी जेवायला आला आणि त्यानं हौदाचं झाकण उचलून बघितलं. मी फाटकातून आत शिरले तेव्हा तो मोटरीच्या नळीनं तिला मारत होता. जाड, हिरवी नळी, टोकाला पितळी जोड. तिनं हातांनी तोंड झाकलं होतं आणि ती ओरडतसुद्धा नव्हती. प्रत्येक फटक्याला नुसता श्वास आत ओढत होती. मी मध्ये घुसले, पितळी जोड माझ्या कोपरावर बसला आणि हात लुळा पडला. तिला पुढं ढकलत मी आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

"या घरात मला बंद असं एकबी दार नाही," तो बाहेरून म्हणाला. शांतपणे म्हणाला, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. मग त्यानं लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कडी उखडली, आमच्या डोक्यावरून उडून पलंगापलीकडं पडली आणि तो आत आला. पुढचं लिहीत नाही. पोरीच्या पाठीवर जे उठलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते कुठल्याही पुट्टीनं भरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंनी सुतार बोलावला. माझा कोपर सुजलेला, त्यामुळं मी बाजूला बसून नुसती बघत होते. आपल्याकडं सुतार स्क्रू फिरवत नाहीत, ठोकतात. खिळ्यासारखा हातोडीनं मुंडकं टेकेपर्यंत ठोकायचा आणि घरातलं कुणी बघत असेल तर शेवटी पेचकसानं अर्धा वेढा द्यायचा. त्यानंही तेच केलं. जुन्याच भोकांत, जुनीच कडी. धाड धाड चार स्क्रू, चहा, आणि गेला. दिवेलागणीला दार अगदी धडधाकट दिसत होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं ते पुन्हा उडवलं, या वेळी पहिल्याच लाथेला. पोरीनं भाजी नको म्हटलं, एवढंच निमित्त. तो दमून दुकानात गेल्यावर मी जमिनीवरचे स्क्रू वेचले. पोरगी भिंतीला टेकून बसली होती.

"आई," ती म्हणाली, "कडी लावतेस कशाला? उलट त्याला जास्त राग येतो. उघडंच ठेवत जा."

ती पंधरा वर्षांची पोर उघडंच ठेवत जा म्हणाली. मी त्या स्क्रूकडं बघत बसले. चारी स्क्रूंच्या आट्यांत लाकडाचा बारीक भुसा भरला होता. म्हणजे त्यांनी लाकूड धरलंच नव्हतं. ठोकताना आट्यांनी लाकूड फाडत नेलं होतं आणि मग ते त्या फाटक्या भोकात नुसते उभे होते. दार हळू उघडलं-लावलं तर वर्षानुवर्षं उभे राहिले असते. एका लाथेत सुटणार हे ठरलेलंच होतं. इतकी वर्षं मी या घरात दुरुस्त्या केल्या, आणि ज्या एका जागी माझ्या पोरीचा जीव अडकला होता ती जागा मी दुसऱ्याच्या हातोडीवर सोडली होती.

मी रिक्षा करून पैठण गेटजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"क्या होना बाजी?" दुकानदारानं विचारलं.

मी सांगितलं. अंगठ्याएवढ्या जाड सळईची कडी. दाराच्या आरपार जातील असे नटबोल्ट. आतून-बाहेरून लावायला लोखंडी पट्ट्या. चौकट पार करून भिंतीत शिरतील इतके लांब स्क्रू आणि त्यांच्यासाठी भिंतीत बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या.

"गोदाम का दरवाजा है क्या?" तो हसून म्हणाला.

"घर का है," मी म्हणाले. तो पुन्हा हसला नाही, सामान बांधून दिलं.

दाराला मी आरपार भोकं पाडली. बोल्ट बाहेरून घातले, आतून पट्टी लावून नट आवळले. बाहेर नुसती गुळगुळीत मुंडकी, पान्हा लावायलाही जागा नाही. ज्या कोयंड्यात कडी जाऊन बसते तो सर्वांत महत्त्वाचा. त्याच्यासाठी चौकटीतून थेट भिंतीत भोकं घेतली. वीट लागली तेव्हा मी दात आवळून मशीन दाबलं, कोपरातून कळा येत होत्या आणि मी मोठ्यानं शिव्या देत होते, त्याला, सुताराला, भावाला, सगळ्यांना. आवाजात कुणालाच ऐकू जात नव्हतं. मग गिट्ट्या बसवल्या आणि लांब स्क्रू हातानं फिरवत नेले. प्रत्येक वेढ्याला आत काहीतरी धरतंय हे मनगटाला कळत होतं. शेवटचे वेढे तर अंगाचा भार टाकून द्यावे लागले. तसं समाधान मला अजून कशानंही मिळालेलं नाही, पोरगी झाली तो दिवस सोडला तर.

सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

"एवढं कशाला लावायलीस गं?" त्या म्हणाल्या. "दार उघडलं नाय तर त्याचं डोकं अजूनच फिरंल."

"फिरू दे."

"मंग तो राग कुणावर काढंल?"

"त्याचा तो बघंल, आत्या. तुम्ही तुमच्या खोलीत जाऊन पडा," मी म्हणाले. त्यांनी मला काय विचारलं होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मला वाटलं, लेकाची काळजी.

त्यानं संध्याकाळी कडी बघितली, हलवून बघितली आणि टाळी वाजवली. "वा! सुतारीण झालीस का? बघू किती टिकतं तुझं काम."

त्यानं बघितलं ते दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. पोरीनं क्लासच्या सहलीसाठी फर्दापूरला जायचं विचारलं, अजिंठ्याची लेणी बघायला. तो नाही म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं तिची वेणी धरली. तेव्हा माझी पोर, जी नळीच्या फटक्यांनाही ओरडली नव्हती, ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मला हात लावायचा नाही."

पडद्याचं कापड मोजायला म्हणून त्यानं दुकानातला लोखंडी गज घरी आणून ठेवला होता. तो त्यानं उचलला. मी पाण्यानं भरलेली कळशी त्याच्या अंगावर फेकली, ती त्याच्या छातीवर बसली, आणि तेवढ्या वेळात आम्ही दोघी खोलीत शिरलो. कडी सरकवली.

पहिली लाथ बसली तेव्हा पोरगी पलंगाच्या कोपऱ्यात जाऊन कानावर हात घेऊन बसली. दुसरी. तिसरी. दार वाजलं, भिंतीचं थोडं प्लास्टर सांडलं, कडी जागची हलली नाही. मग त्यानं धाव घेऊन खांदा मारला. मग गजानं झोडपायला लागला. दाराची वरची फळी फुटून आतल्या बाजूला कुसळं निघाली. मी कोयंड्यापासून हातभर अंतरावर उभी होते, डोळे फक्त त्या चार स्क्रूंवर. एकही सुटला नाही. पोरीनं कानावरचे हात काढले. ती उठून माझ्याजवळ आली आणि तीही स्क्रूंकडं बघायला लागली. "आई, हलत नाही," ती म्हणाली. तो बाहेर शिव्या घालत होता, आणि आम्ही मायलेकी आत हसलो. मी ते हसू विसरणार नाही.

मग बाहेर आवाज थांबला. सासूबाईंचा आवाज आला, "आता बस कर रे बाबा. पोरगी हाय ती." त्यावर तो काहीतरी बोलला, मला नीट ऐकू आलं नाही. आणि गज पुन्हा वाजला. गजाचा लाकडावरचा आवाज वेगळा आणि अंगावरचा वेगळा. तो फरक मला पुरेपूर कळतो. हा अंगावरचा होता.

दाराला खालच्या बाजूनं नखं घासल्यासारखं झालं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "मला आत घे गं."

एक क्षण मी जागची हलले नाही. खोटं कशाला बोलू? मनात आलं, राहू दे बाहेर. इतकी वर्षं 'पडलंय' म्हणत होतीस ना, आता पड. दुसरं आलं ते असं, की हे दार मी माझ्या हातानं उघडलं तर एवढ्या सगळ्याचा काय उपयोग. पोरीनं माझा दंड धरला. तिला नको म्हणायचं होतं की उघड म्हणायचं होतं, तिलाही ठाऊक नसावं. बाहेर गज पुन्हा बसला आणि म्हातारीचा श्वास आत ओढल्याचा आवाज आला. ओरडणं नाही. नुसता श्वास, अगदी माझ्या पोरीसारखा.

मी कडी ओढली. दार वीतभर उघडलं, सासूबाई दाराला टेकून खाली बसल्या होत्या त्या आत कलंडल्या. पोरीनं त्यांना काखेत धरून ओढलं. त्यांच्या मागून तो आला. त्यानं फटीत पाय घातला, अनवाणी, आणि गज उगारला. मी दारावर अंग टाकलं. सगळं अंग, ड्रिलवर टाकते तसं. त्याचा पाय मध्ये होता हे मला दिसत होतं. मी थांबले नाही. पोरीनंही माझ्या पाठीला पाठ लावून रेटा दिला. पावलातून ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि तो अशा आवाजात ओरडला, जो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी दार बोटभर सैल केलं, पाय बाहेर ओढला गेला, आणि मी कडी सरकवली.

मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटत होतं. लिहून ठेवते, मला फार बरं वाटत होतं.

बाहेर शेजारचे जमले. "पायऱ्यांवरून घसरलो," तो त्यांना सांगत होता. रिक्षा आली, दोघांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. मी तोवर दार उघडलं नाही. पोरीनं आजीचा खांदा ओल्या फडक्यानं शेकला. दंडावर गजाचे वळ उठले होते, आणि त्यांच्या शेजारी जुने, विरत आलेले.

"हे कधीचे, आत्या?" मी विचारलं.

त्यांनी पदर ओढून दंड झाकला. मग कशाला झाकतेय असं वाटून सोडून दिला. "लई दिसाचं हाय," त्या म्हणाल्या. "तू या घरात यायच्या आधीपासनं."

त्यांनी हात लांबवून कडीवर ठेवला, नटांवरून बोटं फिरवली. "माझ्या खोलीलाबी बसव की गं असंच एक," त्या म्हणाल्या.

"घर कुणाच्या नावावर हाय, आत्या?"

"माझ्या."

"मग खोलीला कशाला?"

लेक होता तो त्यांचा, एकुलता एक. त्यांचा चेहरा कसा होता ते मला शब्दांत धरता येत नाही. शेवटी त्या भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "मशीन आण तुझं."

पुढच्या दाराला ती कडी बसवायला मला फार वेळ लागला नाही. आतली खोलली आणि तीच पुढं लावली. भिंतीतली भोकं नवी घेतली. लांब स्क्रू मी पोरीच्या हातात दिले. तिनं सवयीनं हातोडीकडं हात नेला, मी तो धरला. "फिरव," मी म्हणाले. तिनं दोन्ही हातांनी पेचकस धरून शेवटचा वेढा दिला, तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. मला एकाच गोष्टीची भीती होती. स्क्रू धरतील याची मला खात्री होती. म्हातारी धरेल की नाही, याची नव्हती.

संध्याकाळी रिक्षा फाटकाशी थांबली. लंगडत, कुबडी टेकत तो पायऱ्या चढल्याचा आवाज आला. त्यानं दार ढकललं, मग बोटांनी वाजवलं. मी उठायला लागले, तर सासूबाईंनी हातानं थांबवलं आणि स्वतः दारापाशी गेल्या. त्यांचा हात कडीवर होता.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, आई. उघड. पाय मोडलाय माझा, प्लास्टर घातलंय."

"दुकानावर जाऊन पड. गादी हाय तिथं."

"आई, काय बोलतेस? उघड आधी." मग आवाज बदलला, गिऱ्हाइकाशी बोलायचा मऊ आवाज आला. "आई, तुझा लेक आहे मी."

सासूबाईंनी कपाळ दाराला टेकवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज ठाम होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हणून जेवण पाठवीन. दार नाय उघडणार."

रिक्षा बराच वेळ फाटकाशी उभी होती. मग गेली.